भोंगाबाईंचा दोनचा वर्ग

भोंगाबाई बोलायला लागल्या की ओढ्यापलीकडं चरणारी म्हैस मान वर करून बघायची. मी वाढवून सांगत नाही, म्हैस आमचीच होती. बाईंना हळू बोलताच येत नसे. कानात सांगायची गोष्टसुद्धा त्या अशी सांगायच्या की दोन घरं सोडून तिसऱ्या घरातून कोणीतरी "असं का?" म्हणावं. आमच्या गावातल्या एका काकांनी खोपोलीला कारखान्यात नोकरी केली होती. त्यांनी देवळासमोर बाईंचं पहिलं भाषण ऐकलं आणि म्हणाले, "पहिल्या पाळीचा भोंगा झाला." तेव्हापासून भोंगाबाई. हे नाव बाईंच्या कानावर गेलं तेव्हा आता भांडण होणार असं सगळ्यांना वाटलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं. भोंगा झाला की माणसं उठून कामाला तरी लागतात."

बाईंची सगळी नोकरी खालापूर तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. निवृत्त झाल्यावर त्या यजमानांच्या गावी, म्हणजे आमच्या गावी, राहायला आल्या. यजमानांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ बाईंच्या अगदी उलट. दिवसभरात मोजकी वाक्यं बोलत आणि त्यातली निम्मी चहाबद्दल असत. आमचं गाव कशेळ्याच्या अलीकडं, मुख्य रस्ता सोडून आत. पुढं भाताची खाचरं, मागं डोंगर, मध्ये मध्ये आता शहरातल्या लोकांचे बंगले. बाई परसात अबोली लावतील आणि सुट्टीत नातवंडांना बोलावतील असा गावाचा अंदाज होता. बाई पहिल्याच आठवड्यात पिठाच्या गिरणीत जाऊन बसल्या.

गिरणीवाला डब्यांवर खडूनं नावं लिहितो. बाया आपापला डबा उचलून चालू लागतात. बाई एकेकीला अडवून विचारत होत्या, "डब्यावर काय लिहिलंय?" माझ्या आईलाही अडवलं.

आई म्हणाली, "काय का लिहीना. माझा डबा मी वळखते. पोचा हाय त्याला."

"आणि सगळ्यांच्याच डब्याला पोचा असला तर?"

"तर मी आनखी एक पाडीन."

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की गिरणीवाल्यानं पट्टा तुटला समजून मशीन बंद केलं. घरी जाता जाता भाऊंना म्हणाल्या, "ही बाई मला वर्गात पाहिजे." तेव्हा वर्ग नव्हताच. पण बाईंचं असं होतं. आधी माणूस ठरायचं, मग त्याच्यासाठी लागेल ते उभं राहायचं.

तसा केंद्र सरकारचा प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम आमच्या गावातही होता. गावातल्याच शिकलेल्या माणसानं विनामोबदला शिकवायचं, वर्षातून एकदा रविवारी शाळेत परीक्षा, पास झाल्यावर सरकारी प्रमाणपत्र. चांगला कार्यक्रम. फक्त तो शाळेच्या कपाटात होता, सुतळीनं बांधलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात. वर्गाची वेळ संध्याकाळी सातची ठरलेली होती आणि साताला कोणी येत नव्हतं. बाईंनी विचारलं, ही वेळ कुणी ठरवली? शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, वरून आली. बाई म्हणाल्या, "ज्यानं ठरवली त्याला रात्री आयतं ताट मिळत असणार. साताला बाईच्या हातात भाकरी असते. पाटी कुठल्या हातात धरणार?" दुसऱ्या दिवसापासून वर्ग दुपारी दोनला. जेवणं, भांडी झालेली, गुरं अजून परतलेली नाहीत, पुरुष बाहेर. दोन ते साडेतीन एवढाच वेळ बाईमाणसाचा स्वतःचा असतो. तेवढ्याच वेळात बाई वर्ग बसवत. शाळेच्या मागच्या ओसरीवर, शहाबादी फरशीवर.

त्याच सुमाराला मी कर्जतच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या घरात, आईकडून आणि बाबांकडून, दोन्हीकडं, पदवी घेतलेली पहिली मीच. हे मी अजूनही कुठल्याही निमित्तानं सांगते, इथंही सांगितलं. बाबांनी गावभर पेढे वाटले. मी बाईंकडं पेढा घेऊन गेले. त्यांनी तो तोंडात टाकला आणि तोंडात पेढा असतानाच म्हणाल्या, "अभिनंदन. पदवी वापरली नाही तर गंजते. उद्या दोनला ये."

मला वाटलं मी आईला शिकवणार. बाईंनी मला वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. त्यांचा नियमच होता, आपल्या आईला आपण शिकवायचं नाही. "तू तिला एकदा तरी 'एवढंही येत नाही?' म्हणशील. ती उठून जाईल आणि परत येणार नाही. परक्यासमोर माणूस चुकतं, पोटच्या पोरीसमोर चुकत नाही." म्हणून आईला बाईंनी शिकवलं आणि मी कमळकाकू, हौसाआजी आणि आणखी काहीजणींना. आई तिकडून चोरून माझ्याकडं बघायची, मी शिकवते कशी ते. घरी आल्यावर सांगायची, "तू लय भरभर बोलतेस. बाई बघ कशा बोलतात." बाई कशा बोलतात ते घरात बसूनही ऐकू येत होतंच.

वर्गातल्या काहीजणी कळंबच्या एका रिसॉर्टवर कामाला जायच्या, चादरी धुवायला. त्यांना दोनला सुट्टी मिळेना. बाई सरळ जीपमध्ये बसून कळंबला गेल्या. मी बरोबर होते. मॅनेजर तरुण होता, गॉगल केसांवर. म्हणाला, "मॅडम, या शिकून काय करणार?"

"आधी तुमची पाटी वाचतील," बाई म्हणाल्या, "मग तुम्हाला."

तो हसला. बाई हसल्या नाहीत. बाई हसल्या नाहीत की काम होतं हे मी त्या दिवशी शिकले. तासभर आधी येऊन दुपारी दीड तास मोकळं व्हायचं असं ठरलं. परत येताना जीपमध्ये बाई सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा मला म्हणाल्या, "हात जोडून मागायचं नाही. वेळ काय, जागा काय, माणसं कोण, एवढं नीट सांगायचं. नाही म्हणायला समोरच्याकडं कारणच उरता कामा नये."

आता पाट्यांचं सांगते, कारण बाईंचा खरा कस तिथं लागला.

अक्षरं झाली, शब्द झाले, आणि पूर्ण नाव लिहायचा दिवस आला. पूर्ण नाव म्हणजे आपलं, नवऱ्याचं आणि आडनाव. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे बाईंना माहीत होतं. त्यांना वाटलं, बोलायचं नाही, लिहायचंच तर आहे. आणि खरंच, सगळ्यांनी लिहिलं. खाली मान घालून, हसत, एकमेकींना कोपर मारत लिहिलं. मग बाई म्हणाल्या, "आता पुसा आणि परत लिहा."

एकही हात हलला नाही.

बाईंनी परत सांगितलं. सगळ्या पाटीकडं बघत बसल्या. शेवटी कमळकाकू म्हणाली, "बाई, त्यांचं नाव हाय त्याच्यावर."

"म्हणून काय झालं?"

"धनी जित्ता असताना त्यांचं नाव आपल्या हातानं पुसायचं?"

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा सगळ्यांच्या पाट्या तशाच, कालच्या नावानिशी. कोणी पदराखाली आणलेली, कोणी घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवून रिकाम्या हातानं आलेली. लिहायला पाटीच नाही. फक्त हौसाआजी मजेत लिहीत होती. तिचा म्हातारा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती म्हणाली, "मी बाई लिवते, पुसते, परत लिवते. तेवढीच भेट व्हते."

बाईंनी मग धाडस केलं. भाऊंना वर्गात आणून बसवलं. भाऊ कोपऱ्यात बसून वालाचं बिरडं सोलत होते. बाईंनी फळ्यावर हातभर अक्षरांत त्यांचं नाव लिहिलं, सगळ्यांना वाचायला लावलं, मग डस्टर घेतलं आणि एका फटक्यात पुसलं. वर्गातून एक बारीक आवाज निघाला, सगळ्यांच्या तोंडून एकदम. बाई कोपऱ्याकडं हात करून म्हणाल्या, "बघा. आहेत की नाही? सोलतायत की नाही?"

भाऊ मान वर करून म्हणाले, "चहा झाला का?"

सगळ्या हसल्या. बाई जिंकल्या असं मला वाटलं. रात्रीत भाऊंना सणसणून ताप भरला.

तसा तो पावसाळा संपतानाचा ताप. गावात घरटी एकाला होता. पण वर्गातल्या बायकांना दुसरं कारण शोधायची गरज नव्हती. सगळ्या भाऊंना बघायला गेल्या, लिंबं घेऊन, आणि जाताना बाईंकडं बघून घेतलं. भाऊ गोधडीतून म्हणत होते, "मी पुसलो गेलो नाही म्हणून सांग त्यांना." ते कोणी ऐकलं नाही. हौसाआजी तेवढी बोलली, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमचं खरं असंल. पर पुसून दाखवायची काय गरज व्हती?"

दुसऱ्या दिवशी दोनला ओसरीवर बाई, मी आणि हौसाआजी. तिसऱ्या दिवशीही. मला राग आला होता. मी म्हटलं, अडाणीपणा आहे हा, आपण काय करणार? तेव्हा बाईंनी माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही. "अडाणी तू त्यांना म्हणतेस? त्यांना भीती वाटतेय त्यांच्या माणसाची. प्रेम आहे म्हणून वाटतेय. मी त्याच्यावर डस्टर फिरवलं. चूक माझी आहे." एवढी वाक्यं बाई हळू आवाजात बोलल्या. तो आवाज मला अनोळखी होता.

भाऊ बरे झाले. बाई घरोघर गेल्या आणि प्रत्येकीला म्हणाल्या, "माझं चुकलं. पाट्या राहू द्या घरी. पुसायचं काही नाही. येताना फक्त फुलपात्रात पाणी आणा."

बायका कुतूहलानं आल्या. फरशी उन्हानं तापलेली. बाईंनी बोट पाण्यात बुडवलं आणि फरशीवर लिहिलं, आपलं नाव, भाऊंचं नाव, आडनाव. काळी ओली अक्षरं क्षणभर लखलखली आणि बघता बघता कडेनं उडायला लागली. थोड्या वेळात फरशी कोरडी. कोणी हातही लावला नव्हता.

कमळकाकूनं विचारलं, "पर उनानं पुसलंच ना?"

"ऊन पुसत नाही, वर घेऊन जातं," बाई म्हणाल्या.

बायकांनी आपसात थोडी कुजबुज केली. मग माझ्या आईनं बोट बुडवलं. "वर जातं तर जाऊ दे," ती म्हणाली, "देवाला तरी कळंल मी कुणाची कोण ते." त्या दुपारी ओसरीची एकही फरशी कोरडी राहिली नाही. त्यानंतर वर्ग कधी रिकामा पडला नाही. पाट्या नव्हत्या, खडू नव्हता, पाणी आणि ऊन. पुढं आसपासच्या वाड्यांवरून बाया येऊन बघून जायच्या.

पण परीक्षा फरशीवर होत नाही, कागदावर होते. पहिल्या वर्षी सगळ्या परीक्षेला बसल्या. वाचन आलं, लेखन आलं, हिशेबही आले. नावाच्या ओळीत मात्र हौसाआजी सोडून सगळ्यांनी आपलं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं आणि मध्ये जागा सोडली. कारण कमळकाकूनं एकदा कशेळ्याच्या बाजारात वडा घेतला होता. वडा ज्या कागदात बांधून दिला तो कुठल्याशा परीक्षेचा पेपर होता, त्याच्यावर कुण्या पोराचं नाव होतं, तेलात भिजलेलं. तिनं ते वर्गात सांगितलं होतं. तपासून झाल्यावर पेपर कुठं जातात हे मग कोणाला विचारायची गरज राहिली नाही. आपल्या नवऱ्याच्या नावात वडा कोण बांधू देईल?

पेपर परत आले. "नाव अपूर्ण." आमच्या वर्गातून हौसाआजी सोडून कोणी पास नाही. शिवाय निरोप आला, पुढच्या वर्षीही असंच झालं तर हे केंद्र बंद होईल, पुस्तकं आणि स्वयंसेवक दुसरीकडं दिले जातील.

आई घरी आली ती सरळ भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. माझं पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे, काचेत. त्याच्या शेजारची जागा तिनं कॅलेंडर काढून मोकळी केली होती. मला म्हणाली, "तुझ्या शेजारी माझा लावायचा व्हता." कॅलेंडर परत लावलं नाही तिनं. त्या रिकाम्या भिंतीकडं बघून मला कळलं की हे बाईंना सांगायला पाहिजे. मी सांगितलं.

मला वाटलं बाई म्हणतील, एक शब्द लिहायला काय जातं, समजाव तिला. बाई म्हणाल्या, "मी एकदा पुसून बघितलंय. आता बायकांना बदलायचं नाही, कागद बदलायचा. परीक्षा बाईची आहे. नवऱ्याचं नाव लागतंच कशाला?"

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा होते. एरवी तिला मोजक्या बाया येतात आणि सही-अंगठा करून जातात. त्या दिवशी दोनचा सगळा वर्ग येऊन बसला. दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेतही बसला. बाईंनी ठराव मांडला. माजी सरपंच अण्णा उठले आणि म्हणाले, "नवऱ्याचं नाव नको म्हंजे? आज नाव नको, उद्या नवरा पन नको म्हनाल."

हौसाआजी बसल्या जागेवरून म्हणाली, "बस रं अण्णा. तुझी बायको तुला जल्मभर 'अवो' म्हनते. बिननावाचं तुझं काय अडलं का?"

अण्णांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. अण्णाही बसताना हसले. ठराव झाला. मी लिहून काढला, पण शब्द बाईंचे: परीक्षेत बाईनं स्वतःचं नाव लिहिलं की पुरे, ती कोण, हे तिचं गाव सांगेल.

तो ठराव घेऊन आम्ही तालुक्याच्या ऑफिसात गेलो. दोन जिपा भरून. साहेब वयानं बेताचे, बोलायला नीट होते. ठराव वाचून म्हणाले, "बाई, मला पटतं. पण नियम वरून येतात. आणि नाव लिहिता येत नसेल तर साक्षर कसं म्हणायचं?"

"लिहिता येत नाही असं कुणी सांगितलं?" बाई म्हणाल्या. शेजारच्या खोलीतले कारकून दारात आले, कशाचा आवाज म्हणून.

साहेबांनी माझ्या आईकडं बघितलं. "काकू, यजमानांचं नाव काय?"

आईनं बाईंकडं बघितलं. साहेब थांबले. मग आई म्हणाली, "सायेब, तसं नाय सांगता येत. उखाण्यात सांगू का?" साहेब हो म्हणाले. आईनं पदर सावरला.

"जिपड्यात बसून आले, धूळ बसली केसात,
गणपतरावांचं नाव घेते सरकारी हापिसात."

कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणाला थांबवता येईना. कमळकाकूनं घेतलं, रिसॉर्टवर कामाला जाणाऱ्यांनी घेतलं, हौसाआजीनं तर दोनदा घेतलं. साहेब हसत म्हणाले, "इतक्या जणांत नाव घेता, मग कागदावर का नाही?"

आई म्हणाली, "बोललेलं हवंत जातं. कागद रद्दीत जातो."

बाईंनी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि आईच्या हातात दिला. आई खाली बसली. साहेबांच्या टेबलासमोरच्या फरशीवर तिनं बोटानं लिहिलं, सुमन गणपत आणि पुढं आमचं आडनाव. तिच्या शेजारी कमळकाकू बसली. मग सगळ्याच. खुर्च्या सरकवल्या, कारकुनांनी दारातून पाय मागं घेतले. टेबलापासून उंबऱ्यापर्यंत नावंच नावं, आणि वर पंखा गरगरत होता.

साहेब उठून आमच्याकडं यायला निघाले. मध्ये नावं होती. ते थांबले, बूट काढले आणि भिंतीच्या कडेकडेनं, एकाही नावावर पाय न देता, दारापर्यंत आले. तिथून उभे राहून त्यांनी ती वाचली. शेवटचं नाव वाळेपर्यंत कोणी हललं नाही. मग ते बाईंना म्हणाले, "पेपर तपासणाऱ्यांना सूचना देणं माझ्या हातात आहे. नाव अपूर्ण म्हणून पेपर परत पाठवायचा नाही. ओळख वर्ग घेणाऱ्यानं पटवायची. तेवढं आजच करतो. वरही लिहितो, पण तिथलं मी सांगू शकत नाही."

"वरचं आम्ही बघू," बाई म्हणाल्या. आणि बघितलंच. आजूबाजूच्या गावांच्या ग्रामसभांतून तोच ठराव करून घेतला, एकामागून एक वर पाठवत राहिल्या. प्रत्येक ठिकाणी स्वतः गेल्या, नीट माणसं जमवली, वेळ विचारली, जागा बघितली. पुढं आमच्या तालुक्यात परीक्षेच्या ज्या सूचना येऊ लागल्या त्यात ते वाक्य होतं: उमेदवाराने स्वतःचे नाव लिहिणे पुरेसे मानावे. बाई ते मोठ्यानं वाचत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते ऐकूनच पाठ झालं.

साहेबांनी सूचना दिली त्या वर्षीची परीक्षा मी विसरणार नाही. कमळकाकूनं घरी नवऱ्याला विचारलं आणि तो म्हणाला लिही, म्हणून तिनं त्याचं नाव लिहिलं. हौसाआजीनं आपल्या म्हाताऱ्याचं लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. माझ्या आईनं फक्त स्वतःचं लिहिलं. मधली जागाही सोडली नाही. दोन शब्द जवळजवळ. सगळा वर्ग पास झाला.

प्रमाणपत्रं आली ती बाईंनी ओसरीवर वाटली, एकेक नाव पुकारून. माईक कोणीतरी आणला होता, तो लावायची वेळ आली नाही. आईनं तिचा कागद घरी आणला, उजेडात धरला, आणि बोट ठेवून वाचला. मग बाबांना म्हणाली, "रेशनकार्डावर मी तुमच्या खाली. मतदानाच्या यादीत तुमच्या खाली. हितं मी एकटीच हाय."

बाबांनी कागद हातात घेऊन बघितला. "माझं नाव नाय याच्यात?"

"नाय."

"बराबर हाय. परीक्षा मी थोडीच दिली." आणि हातोडी घेऊन त्यांनी खिळा मारला. तिचं प्रमाणपत्र माझ्यापेक्षा जरा वर लागलं. तिनं ते माझ्यापेक्षा अवघड मिळवलं होतं.

पुढं खालापूरहून बाईंना बोलावणं आलं. तिकडच्या गावांतले वर्गही सातला भरायचे, म्हणजे भरत नव्हते. तिथं स्वयंसेवकांना तयार करायला कोणीतरी हवं होतं. बाई आणि भाऊ तिकडं राहायला जाणार हे ठरलं. आमचा वर्ग कोण घेणार? माझी नोकरी लागली होती, मला दुपारची सुट्टी नव्हती. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, "सुमन घेईल."

मी म्हटलं, "आईची एकच परीक्षा झालीय."

"माझी किती झाल्यात ते तिनं कधी विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

निघायच्या दिवशी मी मुद्दाम रजा घेऊन आले. भाऊ टेंपोजवळ उभे राहून सामान मोजत होते आणि बाई ओसरीवर वर्गात बसल्या होत्या, मागच्या रांगेत, नव्या आलेल्या बायांच्यामध्ये. पुढं आई उभी होती. वाड्यांवरच्या काही नव्या बाया आल्या होत्या, त्यांना ती पहिल्यांदा लिहायला शिकवत होती. एकीचं बोट धरून फरशीवर फिरवत होती. मागून बाईंना राहवलं नाही. त्या सांगायला लागल्या, अक्षर कुठून सुरू करायचं, हात कसा वळवायचा. नवी बाई गोंधळून मागं बघायला लागली.

आईनं मान वर केली. "बाई," ती म्हणाली, "वर्गात बोलायचं तर आधी हात वर करा."

बाईंनी आईकडं बघितलं. मग पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि शाळेतल्या पोरीसारखा हात सरळ वर केला. बाहेर टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. आईनं तिकडं लक्ष दिलं नाही, बाईंकडंही नाही. ती परत त्या नव्या बाईच्या बोटाकडं वळली आणि म्हणाली, "थांबा जरा. आधी हिचं नाव पुरं होऊ द्या."

बाई हात वर धरून थांबल्या.